रविवारचे भटके आणि एकटा निबंधकार

इंग्रजी निबंधवाङ्मयांत पायीं भटकण्याची स्तुति हा एक वेगळा पोटप्रकारच होऊन बसला आहे. हॅझ्लिटनें १८२२ मध्यें त्याचा पाया घातला, स्टीव्हन्सननें १८७६ मध्यें त्यावर मजला चढविला, आणि पुढें लेस्ली स्टीफन व जॉर्ज ट्रेव्हेलियन यांनीं आपापल्या परीनें तें घर राहतें ठेविलें. महाविद्यालयांसाठीं काढलेल्या निवडक निबंधांच्या पुस्तकांत यांपैकीं एखादा निबंध हटकून असतो, आणि आम्ही गेलीं अठ्ठावीस वर्षें ते वर्गांत शिकवीत आलों आहों. शिकवितांना एक सूत्र आम्ही फळ्यावर लिहून देत असूं : चालणें हा एकट्याचा व्यवहार आहे, सोबती आला कीं मन वाटेवरून उठून बोलण्यांत जातें. विद्यार्थी तें उतरून घेत आणि परीक्षेंत इमानानें परत करीत. सूत्र हॅझ्लिटचें, दुजोरा स्टीव्हन्सनचा. तें खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तें अपुरें आहे, आणि तें अपुरें कां राहिलें याचें कारण भटक्यांच्या स्वभावांत नसून निबंधाच्या घडणींतच आहे, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे.

या विचारास निमित्त झालें तें एका साध्या योगायोगाचें. स्टीव्हन्सनचा ‘वॉकिंग टूर्स’ हा निबंध १८७६ च्या जूनमध्यें ‘कॉर्नहिल’ मासिकांत प्रसिद्ध झाला. पायीं प्रवासास निघावयाचें तर एकट्यानेंच निघावें, असा त्याचा आग्रह आहे. त्या वेळीं ‘कॉर्नहिल’चा संपादक होता लेस्ली स्टीफन. एकांताची ही वकिली ज्यानें आपल्या मासिकांत छापली, त्याच गृहस्थानें तीन वर्षांनीं, १८७९ मध्यें, फ्रेडरिक पोलॉक आणि जॉर्ज क्रूम रॉबर्टसन या दोन मित्रांना हाताशीं धरून चालणाऱ्यांची एक मंडळी उभी केली. मंडळीचें नांव ‘संडे ट्रॅम्प्स’, म्हणजे रविवारचे भटके. एक रविवार सोडून एक रविवार, सकाळीं लंडनहून आगगाडीनें निघावयाचें, उपनगरांच्या पलीकडील एखाद्या आडस्टेशनावर उतरावयाचें, आणि सरे किंवा केंट परगण्यांतील टेकड्या, रानें, शेतें, खेडीं तुडवीत वीसेक मैल चालून रात्रीं घरीं परतावयाचें. हा क्रम सुमारें पंधरा वर्षें चालला.

मंडळी कोण होती हें पाहिलें म्हणजे मौज वाटते. स्टीफन स्वतः उंच, सडपातळ, लांब ढांगांचा. आल्प्समधील श्रेकहॉर्न हें शिखर १८६१ मध्यें पहिल्यानें सर करणारा तोच, आणि केंब्रिजहून निघून सुमारें पन्नास मैल बारा तासांत तुडवून लंडनला ‘आल्पाइन क्लब’च्या मेजवानीला जाऊन बसणाराहि तोच. पुढें राष्ट्रीय चरित्रकोशाचा तो पहिला संपादक झाला. त्याच्या थोरल्या भावानें रचलेला १८७२ चा पुराव्याचा कायदा आपल्या न्यायालयांत २०२४ पर्यंत चालत होता. तेव्हां हें घराणें आपल्याला अगदींच परकें नाहीं. पोलॉक हा कायदेपंडित. त्यानेंहि १८९४ च्या टागोर-व्याख्यानमालेसाठीं हिंदुस्थानांतील कायदा हाच विषय घेतला होता. रॉबर्टसन तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आणि ‘माइंड’ या त्रैमासिकाचा पहिला संपादक. जेम्स सली मानसशास्त्रज्ञ. आणि वयानें लहान, पण बुद्धीनें कदाचित् सर्वांत मोठा असा फ्रेडरिक मेटलंड, इंग्रजी कायद्याचा इतिहासकार. पोलॉक व मेटलंड या दोघां भटक्यांचीं नांवें १८९५ च्या त्या प्रसिद्ध इतिहासग्रंथाच्या मुखपृष्ठावर शेजारीं शेजारीं आहेत. सारे पुरुष, सारे लेखणीवर किंवा व्यासपीठावर पोट भरणारे, साऱ्यांना रविवार मोकळा. तो मोकळा ठेवण्यासाठीं घरांत कोण राबत होतें हा प्रश्न त्या काळीं कोणी विचारला नाहीं. स्टीफनची एक मुलगी मात्र पुढें व्हर्जिनिया वुल्फ या नांवानें प्रसिद्ध झाली, आणि तो प्रश्न तिनें वेगळ्या रीतीनें विचारला.

ज्या प्रदेशांत हे लोक हिंडले त्याचें स्वरूप समजून घेतल्याशिवाय त्यांच्या भटकण्याची चव कळणार नाहीं. हें अरण्य नव्हे आणि गांवहि नव्हे. आगगाडी ज्या ज्या दिशेस गेली त्या त्या दिशेस लंडनचीं उपनगरें रुळांच्या कडेनें वाढत गेलीं, आणि दोन रुळांच्या मधला भाग, हाताच्या दोन बोटांमधील जागा रिकामी राहावी तसा, बराच काळ हिरवा राहिला. स्टेशनाबाहेर पडल्यावर प्रथम एकसारख्या विटांच्या घरांच्या रांगा, मग भाजीचे मळे, मग अर्धवट वसलेल्या रस्त्यांच्या पाट्या, आणि मग एकाएकीं कुंपणावरून जाण्याच्या लांकडी पायऱ्या ओलांडल्या कीं बीच व ओक यांची सावली आणि हेझलचीं दाट झुडपें. खालीं खडूचा पांढरा दगड. पाऊस पडला म्हणजे त्याचा चिकट राडा बुटांना धरतो. बॉक्स हिल ही टेकडी तिच्यावरील बॉक्स नांवाच्या झाडांमुळें ओळखली जाते. तिच्या पायथ्याशीं कादंबरीकार मेरेडिथ राहत असे, आणि भटक्यांची पंगत त्याच्या घरीं होत असे. त्या भागांतील सर्वांत उंच लीथ हिल ही टेकडी ९६५ फूट भरते. आमचें पुणें शहर समुद्रसपाटीपासून याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे. म्हणजे त्या शिखरवीरांच्या रविवारच्या शिखरापेक्षां आमचा भाजीबाजार उंच! पण हा उंचीचा प्रश्नच नाहीं. आल्प्स चढलेला माणूस ९६५ फुटांवर वर्षानुवर्षें समाधानानें जातो तेव्हां त्याला त्या टेकडीवर दुसरेंच कांहीं मिळत असलें पाहिजे.

तें काय, हें सांगण्यास स्टीफनपेक्षां अधिकारी कोण? ‘इन प्रेझ ऑफ वॉकिंग’ हा त्याचा निबंध १९०२ च्या ‘स्टडीज ऑफ ए बायॉग्रफर’ या मालेच्या तिसऱ्या भागांत आहे. निबंध फार गोड आहे. आपण लिहिलेल्या पुस्तकांची आठवण पुसट होते, पण चाललेल्या वाटांची होत नाहीं. आयुष्यांतील इतर आठवणी त्या वाटांच्या दोऱ्यांत ओंवल्या जातात, हा त्यांतला विचार आम्हांस नेहमींच खरा वाटत आला आहे. बेन जॉन्सनपासून कार्लाइलपर्यंत चालणाऱ्या साहित्यिकांची वरात त्यांत निघते. लंडनभोंवतालच्या भटकंतीचें वर्णनहि येतें, आणि तेथेंच त्या पाट्यांची गोष्ट येते.

ती गोष्ट अशी. ‘अतिक्रमण करणारांवर खटला भरण्यांत येईल’ अशा पाट्या त्या काळीं जमीनदारांच्या रानोरान लावलेल्या असत. अशी पाटी दिसली कीं येथें आंत कांहींतरी पाहण्याजोगें आहे, असा अर्थ भटके घेत आणि बेलाशक आंत शिरत. रानाचा राखणदार आडवा आला तर काय करावयाचें, याची तजवीज पोलॉकनें करून ठेविली होती. एक कायदेशीर सूत्र रचलेलें होतें : या वाटेवर आमचा कोणताहि हक्क आम्ही सांगत नाहीं, आणि झाल्या नुकसानीदाखल हा शिलिंग देऊं करतों, अशा आशयाचें. इंग्रजी कायद्यांत नुसतें दुसऱ्याच्या जमिनींत पाऊल टाकणें हा फौजदारी गुन्हा नव्हता, दिवाणी आगळीक होती. त्यामुळें ‘खटला भरूं’ ही धमकीच पोकळ होती. हक्क सांगितला नाहीं आणि भरपाई पुढें केली, म्हणजे दिवाणी दाव्यांतहि मालकाला फारसें हंशील राहत नसे. आतां कल्पना करा : बूट चिखलानें माखलेले तत्त्वज्ञ व कायदेपंडित ओळीनें उभे आहेत, एकजण गंभीर मुद्रेनें सूत्र म्हणतो आहे, आणि राखणदार बिचारा शिलिंगाकडे पाहतो आहे.

वर्गांत ही गोष्ट सांगितली कीं विद्यार्थी हंसतात, आम्हीहि हंसतों. पण तिची दुसरी बाजू सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९३२ च्या एप्रिलमध्यें मँचेस्टरकडील तरुण कामगारांनीं किंडर स्काउट या पठारावर, जमीनदारांच्या शिकारीसाठीं राखलेल्या माळावर, असेंच समूहानें पाऊल टाकलें. त्यांच्याजवळ सूत्र नव्हतें आणि शिलिंगहि नव्हता. अतिक्रमण हा गुन्हा नव्हता म्हणून त्यांच्यावर दंग्याचे आरोप ठेवण्यांत आले, आणि पांच जणांना महिन्यांच्या कैदेच्या शिक्षा झाल्या. एकाच देशांतील हीं दोन पायीं चालणारीं मंडळें. एकाचें अतिक्रमण निबंधांतला विनोद झालें, दुसऱ्याचें न्यायालयाच्या दप्तरांत गेलें. स्टीफनला याबद्दल दोष देण्यांत अर्थ नाहीं. तो १९०४ मध्येंच वारला होता. पण निबंधांतील हंसें कोणाच्या जोरावर फुललेलें आहे, हें वाचकानें ओळखलेलें बरें.

आतां मुख्य मुद्दा. या निबंधांत भटके आहेत, पण सोबती नाहींत. मंडळी आहे, तिची मौज आहे, सूत्र आहे, राखणदार आहे. परंतु शेजारून चालणारा एकहि माणूस त्याच्या चालीसह, त्याच्या दम लागण्यासह, वाटेंतल्या वादांत त्यानें घेतलेल्या एखाद्या हट्टी बाजूसह आपल्यासमोर उभा राहत नाहीं. पंधरा वर्षें ज्यांच्याबरोबर मैलच्या मैल तुडविले, त्यांचें या स्तुतींत इतकें अंधुक दर्शन कां व्हावें? निबंध प्रसिद्ध झाला तेव्हां मंडळी मोडली होती. रॉबर्टसन १८९२ मध्येंच गेला होता, पत्नी ज्यूलिया १८९५ मध्यें. स्टीफनला ऐकूं येईनासें झालें होतें. म्हणजे हा निबंध चालण्याच्या स्तुतीचा खरा, पण तो लिहिणारा माणूस सोबत हरवलेला आहे. दुःख लपविण्याची त्या पिढीची रीत होती, आणि स्टीफन त्या रीतीचा पक्का. तरीहि नुसत्या स्वभावानें याचा उलगडा होत नाहीं, असें आम्हांस वाटतें. कारण हाच स्टीफन दुसरीकडे सोबत्याविषयीं उत्तम लिहितो.

तें दुसरीकडे म्हणजे १८८५ च्या ‘लाइफ ऑफ हेन्री फॉसेट’ या चरित्रांत. फॉसेट हें नांव आमच्या जुन्या वाचकांस परिचित असेल. वयाच्या पंचविसाव्या वर्षीं शिकारींत वडिलांच्याच बंदुकीच्या छऱ्यांनीं तो आंधळा झाला. तरी तो पार्लमेंटांत गेला, आणि हिंदुस्थानच्या पैशाची उधळपट्टी तेथें इतक्या चिकाटीनें उघडकीस आणूं लागला कीं त्याला ‘हिंदुस्थानचा सभासद’ म्हणत. १८६७ मध्यें तुर्की सुलतानासाठीं लंडनांत नाचाचा समारंभ झाला व त्याचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकण्यांत आला, तेव्हां त्याविरुद्ध बोलणारा हाच. एपिंगचें अरण्य आणि लंडनभोंवतालचीं गांवरानें कुंपणांपासून वांचविण्याच्या चळवळींतहि तो पुढें होता. हा आंधळा माणूस मित्रांबरोबर मनसोक्त चाले, आणि सोबत्यानें देखाव्याचें वर्णन करावें अशी त्याची अपेक्षा असे. स्टीफन केंब्रिजपासूनचा त्याचा मित्र. देखावा ज्याला दिसत नाहीं त्याच्यासाठीं तो देखावा शब्दांत उभा करणें यापरती सोबत दुसरी कोणती? आणि स्वतःला न दिसणाऱ्या रानासाठीं पार्लमेंटांत भांडणें यापरतें रानावरील प्रेम तरी कोणतें? स्टीफनचें हें चरित्र आज कोणी वाचीत नाहीं. त्यांत मित्राचा आवाज आहे, अंगलट आहे, हट्ट आहे. त्याच लेखणीनें निबंध हातीं घेतला कीं मित्र धूसर होतात.

हॅझ्लिटच्या बाबतींत तर हें अधिकच उघड आहे. एकट्यानें चालण्याचा जाहीरनामा ज्याला म्हणावें तो ‘ऑन गोइंग ए जर्नी’ १८२२ चा. त्यांत सोबत्याला जागा आहे ती मुक्कामावर रात्रीं काय जेवावें एवढ्या चर्चेपुरती, आणि परदेशांत किंवा जुन्या अवशेषांपाशीं. तरी त्याच निबंधांत एक अपवाद घुसतोच : आपला जुना मित्र कोलरिज यास मात्र चालतां चालतां बोलणें साधत असे, अशी कबुली हॅझ्लिट देतो. पुढच्याच वर्षीं, १८२३ मध्यें, त्यानें ‘माय फर्स्ट अॅक्वेंटन्स विथ पोएट्स’ हा लेख लिहिला, आणि तेथें त्या अपवादाला सगळा दरवाजा उघडून दिला. १७९८ चा जानेवारी, चिखलांतून दहा मैल चालत जाऊन ऐकलेलें कोलरिजचें प्रवचन. मग कोलरिजचें घरीं येणें. वर्षाला दीडशें पौंड देऊं करणारें पत्र आणि बुटाचा बंद बांधतां बांधतां कोलरिजनें घेतलेला निर्णय. आणि त्याला सहा मैल पोंचवावयास गेलेला एकोणीस वर्षांचा हॅझ्लिट. वाटेनें जातांना कोलरिज सारखा रस्त्याच्या या कडेहून त्या कडेस होत होता. तेव्हां त्याचा अर्थ कळला नाहीं. पुढें तो मनाच्या अस्थिरपणाचा वाटला, असें हॅझ्लिट लिहितो. पुढें लिंटनच्या वाटेवर जॉन चेस्टर नांवाचा तिसरा सोबती येतो; कोलरिजचा एक शब्द वायां जाऊं नये म्हणून तो त्याच्या बाजूनें धांवतपळत चालला आहे. दुसऱ्याच्या पावलांकडे इतकें बारकाईनें पाहणारा लेखक एकांतवादी कसा? उत्तर इतकेंच कीं पहिला लेख हा निबंध आहे आणि दुसरा आठवण आहे. पहिल्यांत ‘मी’चें राज्य आहे, दुसऱ्यांत ‘मी’ पोंचवावयास गेलेला आहे.

व्यक्तिनिष्ठ निबंधाचा सारा डोलारा एका ‘मी’वर उभा असतो. वाचकाशीं सलगी करावयाची ती या ‘मी’नें. सलगी दोघांचीच असते, लेखकाची आणि वाचकाची. तेथें तिसरा आला कीं वाचक परका होतो. म्हणून निबंधकार सोबत्यांना वाटेंतून हळूच बाजूला करतो आणि त्यांच्या जागीं वाचकाला घेऊन चालूं लागतो. हें तो जाणूनबुजून करीत नसेलहि. आपल्या मराठींत ही गोष्ट व्याकरणानेंच उघड होते. इंग्रजीला एकच ‘वी’ आहे. आपल्याकडे ‘आम्ही’ निराळें आणि ‘आपण’ निराळें. निबंधकार वाचकाला ‘आपण’ म्हणून हाक मारतो तेव्हां त्या ‘आपण’मध्यें चालणारे सोबती नसतात; आणि सोबत्यांना ‘आम्ही’ म्हणावें तर त्यांतून वाचक बाहेर राहतो. शिवाय टीकाकारांचें ‘आम्ही’ हें तिसरेंच प्रकरण. या लेखांत आरंभापासून जें ‘आम्ही’ वाचक ऐकत आहेत, त्यांत किती माणसें आहेत हें त्यांना ठाऊकच आहे.

हें आम्हांस शिकविलें तें आमच्या एका गणिताच्या सहकाऱ्यांनीं. बऱ्याच वर्षांपूर्वीं आमचा एक लघुनिबंध एका दिवाळी अंकांत आला होता. विषय होता वेताळ टेकडीवरील रविवारची सकाळ. पुण्यांत टेकडीला जाणारांच्या मंडळ्या पुष्कळ. आमचीहि चौघांची एक होती, आणि ती बारा वर्षें अखंड चालली. निबंधांत धुकें होतें, मोर होता, खालीं पसरत चाललेल्या शहराविषयींची खंत होती, आणि दगडावर बसून घेतलेला चहा होता. अंक वाचून सहकारी म्हणाले, “लिहिलंय झकास, प्रोफेसर. पण चढलों आपण चौघे, आणि पोंचलात तुम्ही एकटे. शिवाय तो थर्मास माझा होता.” आम्ही हंसून वेळ मारून नेली. लालित्याच्या दृष्टीनें कांहीं निवड करावीच लागते, असेंहि कांहींतरी बोललों. ते दोन वर्षांपूर्वीं वारले. तो निबंध परवां आम्हीं पुन्हा वाचला, तेव्हां त्यांतला चहा अगदीं अधांतरीं दिसला. तो तेथें कोणीं आणला याचा पत्ता नाहीं.

स्टीफनला निदान मेटलंड मिळाला. १९०६ मध्यें निघालेलें ‘लाइफ अँड लेटर्स ऑफ लेस्ली स्टीफन’ हें मेटलंडचें पुस्तक आहे. स्वतः प्रकृतीनें खचलेला, स्वतःचें संशोधन अर्धें राहिलेलें, अशा स्थितींत या इतिहासकारानें मित्राच्या चरित्रावर कष्ट घेतले, आणि पुस्तक बाहेर पडलें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तो वारला. रविवारच्या भटक्यांचा खरा वृत्तांत या पुस्तकांत आहे. पुढारी कसा चाले, मंडळी कशी जमे, मेरेडिथच्या घरचा पाहुणचार कसा असे, हें सर्व एका अनुयायाच्या दृष्टीनें येथें दिसतें. ज्यानें मंडळी जमविली त्याच्या निबंधांत जें उतरलें नाहीं, तें मागून चालणाऱ्याच्या चरित्रांत उतरलें. सलीनेंहि १९१८ च्या आपल्या आठवणींत या मंडळीचा विस्तारानें उल्लेख केला आहे. भटक्यांना वाङ्मयांत जागा दिली ती अशी चरित्रानें आणि आठवणींनीं. त्याच १८७९ सालच्या ‘दि इगोइस्ट’ या कादंबरींत मेरेडिथनें स्टीफनवरून व्हर्नन व्हिटफर्ड हा चालण्याचा शौकीन विद्वान रंगविला. म्हणजे कादंबरीनेंहि आपला वाटा उचलला. ट्रेव्हेलियनच्या १९१३ मधील निबंधांत एकट्याचें व सोबतीचें चालणें या दोन्ही बाजू समजूतदारपणें मांडल्या आहेत हें कबूल करावयास हवें. पण समजूतदारपणा हा निबंधाचा सर्वोच्च गुण नव्हे, आणि तेथेंहि मित्र म्हणजे युक्तिवादांतील एक बाजूच राहते.

आतां आपल्या घराकडे. १९२५ नंतरच्या दशकांत फडके-खांडेकरांनीं मराठींत लघुनिबंध रुजविला तेव्हां इंग्रजी निबंधाचा हा ‘मी’ आपण जसाच्या तसा उचलला. त्यानें मराठी गद्याला मोकळेपणा दिला, हें ऋण आम्ही नाकारीत नाहीं. पण एकटा हिंडणारा, एकटा हंसणारा, एकटाच अंतर्मुख होणारा हा गृहस्थ ज्या समाजांत वावरत होता, तो समाज चालतो तो बहुधा जथ्यानें. लघुनिबंधापूर्वीं श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’त सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या हे तिघे आहेत, आणि त्यांचीं सोंगें वेगवेगळीं ओळखूं येतात. विनोदाला सोबती लागतात. विनोद त्यांना बाजूला सारूं शकत नाहीं. लघुनिबंध आला आणि बंडूनाना वाटेंत कोठेंतरी गळाला.

याला आमच्या माहितींतला सर्वांत बलवान अपवाद म्हणजे इरावतीबाई कर्व्यांचा ‘वाटचाल’ हा लेख. पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर पायीं चालतांना त्यांनीं जें पाहिलें तें त्यांत आहे. येथें सोबती पुसट होत नाहींत. उलट लेखिकाच त्यांच्यांत मिसळण्याची धडपड करते आहे. आणि ती धडपड पुरती सफल होत नाहीं, कारण एकाच दिंडींत ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी. दिवसभर एकत्र गाणारीं माणसें जेवणाला दुभंगतात. दोन्हीकडे जेवून बाईंनीं तें व्यंग आपल्यापुरतें सांधण्याचा प्रयत्न केला. जी सोबत इंग्रजी निबंधानें गृहीत धरून गाळून टाकली, ती येथें मुळींच गृहीत धरतां येत नाहीं, म्हणूनच तिला लेखांत एवढी जागा मिळाली आहे. मेरेडिथच्या टेबलाशीं बसतांना रविवारच्या भटक्यांना हा प्रश्न पडण्याचें कारण नव्हतें. राखणदाराला मात्र त्यांनीं शिलिंग दिला, आपल्याबरोबर चालावयास बोलाविलें नाहीं.

येत्या सत्रांत हॅझ्लिटचा तो निबंध पुन्हा आमच्याकडे आला आहे. या खेपेस कोलरिजला पोंचवावयाच्या त्या सहा मैलांचा लेख त्याच आठवड्यांत त्याच्या जोडीनें वाचावा, असा आमचा बेत आहे. अभ्यासक्रमांत तो नाहीं. त्याच्या प्रती काढून वर्गांत वांटाव्या लागतील.